हौकामेकीचा तुकडा

१९ मे, लोव्हशो

पोचले एकदाची! ओरेब्रूहून निघताना तोर्केलने भविष्य वर्तवलं होतं की आठवडाभरात मी कंटाळून परत येईन. नवऱ्यांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. आज दुपारपासून मी एकही मोटार पाहिलेली नाही आणि मला तिची आठवणही झालेली नाही. काम असं आहे, की या डोंगरांतल्या जुन्या मुरमाच्या रस्त्यांवरून सायकलींचे मार्ग आखायचे, वळणावर निळ्या बाणाचा खांब ठोकायचा, आणि कुठे चाक रुतेल, कुठे पडायला होईल ते आधी स्वतः पडून बघायचं. लाकडाचे ट्रक येऊन गेले की रस्त्यांच्या फाटकांना कुलूप लागतं. मग सायकलवाल्यांना अक्षरशः रान मोकळं. आणि याचा मला पगार मिळतो!

घर पिवळं, दोन खोल्यांचं, यॉर्डिसकाकू आणि एवाल्डकाकांच्या अंगणातच. दोघंही सत्तरीच्या पुढची. काकूंनी आल्या आल्या मोत्ती खायला घातली, म्हणजे भाजलेल्या ओटच्या पिठाचा कोरडा सांजा आणि त्यावर डुकराच्या चरबीचे खरपूस तुकडे. मी दोनदा मागून घेतली. काका म्हणाले की शहरातल्या बायका एक घास खाऊन पोट भरल्याचं नाटक करतात, ही मात्र आपल्यातली दिसते. मला बाई असं कुणी म्हटलं की मी विरघळतेच.

तोर्केल ऑगस्टमध्ये बेकरी भावाच्या हवाली करून इथे कायमचा येणार. तोवर जमेल त्या शनिवारी चक्कर मारेल. आजवर दोन गावांत संसार केला, रोज रात्री फोनवर भांडलो आणि फोनवरच समेट केला. आता एका छपराखाली भांडायचं. मला दुसरं काही नको आहे, खरंच नको.

२६ मे

सहा मार्गांपैकी दोन आखून झाले. पाय दुखतात, पण झोप अशी लागते की काय सांगू.

इथल्या रस्त्यांच्या कडेला जागोजागी गुडघाभर उंचीचे दगड उभे आहेत. दर दगडावर एका शेतघराचं नाव कोरलेलं. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचा रस्ता त्या घराचा. त्यातले खड्डे, चर, पाला, सगळं त्या घराने बघायचं. बाकी देशात हे कधीच बंद झालं, लोव्हशोत अजून चालू आहे. परवा सगळं गाव दाताळी आणि फावडी घेऊन रस्त्यावर उतरलं होतं. मीही काकांच्या तुकड्यावर राबले. टोमणे काय एकेक! शेजारच्या तुकड्यात एवढासा खळगा दिसला तर काका ओरडून विचारत होते की तिथे मासे सोडायचेत का.

संध्याकाळी काकूंनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट बजावली. वर दाट झाडीत हौकामेकीचा तुकडा आहे. ते घर कधीचंच ओस पडलंय, जोतंसुद्धा धड राहिलेलं नाही. तिथून खुशाल सायकल ने, खांबही ठोक, पण त्या रस्त्यावर मुरूम टाकू नकोस, एक ओंजळसुद्धा नको. ज्याचा तुकडा त्यानेच बघावा. मी म्हटलं बरं. जुन्या माणसांशी हुज्जत घालू नये.

गंमत म्हणजे वारसच नसलेला हा तुकडा गावात सगळ्यात सुरेख आहे. दाताळ्याच्या रेघा इतक्या सरळ की जणू नुकता भांग पाडलाय. हे कोण करतं म्हणून काकांना विचारलं, तर ते पाइप साफ करायला लागले. त्यांच्या बैठकीत मुलाचा फोटो आहे, सीवर्टचा. सायकलच्या लाल जर्सीत, हसरा, माझ्याच वयाचा. काकू म्हणाल्या, शहरात शिकून परत आला आणि मग गेला. कुठे गेला, ते मी विचारलं नाही.

५ जून

उद्या राष्ट्रदिनाची सुट्टी. गोथेनबर्गचा एक गट माझ्या मार्गावर पहिली फेरी मारायला येतोय. म्हणून आज सगळं एकदा नजरेखालून घातलं. दोन दिवस धो धो पाऊस झालाय. हौकामेकीच्या तुकड्यात, नेमका उतारावरच्या वळणामागे, हा एवढा खड्डा! वेगात आलेला माणूस तोंडावर आपटणार, यात शंकाच नाही. आणि दगडाला लागून एवाल्डकाकांची हातगाडी उभी, मुरमाने काठोकाठ भरलेली, वर फावडं खोचलेलं.

काकूंचं बोलणं माझ्या लक्षात होतं. पण रस्त्यात खड्डा बघून तसंच पुढे जायचं हे आमच्या रक्तातच नाही. माझी आई तर बसमधून उतरून खड्ड्यात दगड टाकायची. बुजवला. पायाने दाबून घट्ट केला.

मागे वळले तर झाडाखाली एक माणूस. दाढी छातीपर्यंत, अंगावर लाल जर्सीच्या चिंध्या, हातात दाताळं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग रस्त्यात फतकल मारून हमसून हमसून रडला. मी घाबरलेच. उठून त्याने दाताळं माझ्या हातात दिलं, माफ कर म्हणाला आणि उताराने धावत सुटला. दगडाशी क्षणभर थबकला, पाय पुढे टाकून बघितला आणि गेला. फोटोतला हसरा चेहरा मला तो गेल्यावर ओळखू आला.

तेव्हापासून मी घरी जायचा प्रयत्न करतेय. दगड ओलांडते, वळण घेते, समोर पुन्हा हौकामेकीचाच दगड. वाट चुकले असेन. या वाटा मीच आखल्या आहेत, तरीही चुकले असेन.

६ जून

गट आला. चांगले पंधरावीस जण. मी रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभी राहिले, घसा फुटेस्तोवर ओरडले. ते दोन्ही बाजूंनी निघून गेले. टक्कर नाही, धक्का नाही. मागची बाई शेजारणीला सांगत होती की असा छान रस्ता आख्ख्या सहलीत मिळाला नाही.

फोन लागत नाही. दिवसभर काही खाल्लं नाही आणि भूकही नाही. भूक नाही याचीच जास्त भीती वाटते.

८ जून

झाडीतून गेले. ओढ्यातून गेले. डोळे मिटून गेले. सायकल ढकलत, सायकल टाकून, रांगत गेले. दरवेळी तोच दगड.

आणि हात. मी ठरवत नाही, तरी हात दाताळं उचलतात आणि रेघा ओढायला लागतात. तळवे सोलून निघालेत. दाताळं ओढ्यात फेकलं, तर पुन्हा हातात.

१० जून

आज यॉर्डिसकाकू आल्या. दगडावर रुमाल अंथरून त्यावर वेलदोड्याचा पाव ठेवला, शेजारी बसल्या, आणि माझ्या डाव्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत बोलत राहिल्या. मी त्यांच्या पुढ्यात गुडघे टेकून बसले होते. मला त्या दिसत होत्या, त्यांना मी नव्हते दिसत.

सगळं सांगितलं. हौकामेकीचा तुकडा कधी बेवारस राहत नाही. जो त्यावर पहिलं फावडं टाकतो, तो त्याचा होतो आणि आधीचा सुटतो. ज्यांचा गावात स्वतःचा दगड आहे त्यांना तो धरत नाही. सीवर्ट गेला तेव्हा नुकताच शहरातून परतला होता, घरच्या दगडावर त्याचा हक्क अजून लागला नव्हता. आईबापांनी इथे घमेलीच्या घमेली मुरूम ओतला, काही उपयोग झाला नाही. बिनदगडाचं माणूस हवं होतं. म्हणून दोघांनी सायकलच्या मार्गांना होकार दिला, म्हणून पिवळं घर भाड्याने दिलं. गाडी काकांनीच ठेवली होती.

मी शिव्या घातल्या. जन्मात कुणाला घातल्या नसतील अशा. मग त्या म्हणाल्या, ते वाक्य जसंच्या तसं लिहिते: "मी तुला बजावलं होतं पोरी, आणि मनातून देवाला म्हणत होते, हिने माझं ऐकू नये. तुझं लेकरू इथे असतं तर तू काय केलं असतंस?"



जाताना त्या उठल्या, डोळे पुसले आणि माझं भलं करायला निघाल्यासारखं हसल्या. म्हणाल्या, तुझा नवरा काल आला होता, वेड्यासारखा शोधतोय. त्याचाही इथे दगड नाही. शनिवारी त्याला वरचा रस्ता सांगते, एवाल्ड गाडी भरून ठेवेल. तू काळजी करू नकोस, सुटशील.

नको. नको म्हणून मी किती ओरडले! त्यांच्या स्कर्टला लोंबकळले. त्या शांतपणे उतरून गेल्या.

११ जून

तोर्केलला इथे अडकवून मी ओरेब्रूला जाऊन काय करू? त्याच्या बेकरीत उभी राहून त्याचे पाव विकू?

रस्ता असा ठेवायचा की त्याला फावडं उचलावंसंच वाटू नये. एक खळगा नाही, एक चर नाही. आज पहिल्यांदा मी माझ्या मर्जीने दाताळं उचललं.

१२ जून

गाडी आली. काकांनी दगडापलीकडे ठेवली, हातभर अंतरावर. मला तिथवर पोचता येत नाही. काका माझ्या बाजूला न बघता परत गेले. खाली फाटकाशी सीवर्ट उभा होता, दाढी काढलेला. तो वर आला नाही.

रस्ता आरशासारखा केलाय.

शुक्रवार

पाऊस. सकाळपासून पाऊस.

वळणामागचा तो खड्डा — त्यातला मुरूम वाहून चाललाय. मी नखांनी खरवडून कडेची माती आणते, टाकते, ती वाहून जाते. पुन्हा आणते. थांब ना रे जरा. थोडं थांब.

संध्याकाळ. गुडघाभर झालाय. भरायला काही नाही. गाडीत सगळं आहे, हातभरावर, आणि —

शनिवार

ऊन पडलंय. खड्डा तसाच.

मी त्यात आडवी झालेय. पोटाशी पाय घेतले की बरोबर मावते. वर थोडी माती ओढून घेतली. वरून जाईल. निघून जाईल. वही छातीवर आहे.

सायकल. त्याचीच. चेनला तेल घाल म्हणून किती वेळा —

हाक मारतोय. सिसेला. सिसेला. आवाज बसलाय त्याचा. किती बारीक झालाय. मी इथे आहे, पण तू जा, राजा, थांबू नकोस —

थांबला. उतरला.

माझ्याकडेच बघतोय. अगदी माझ्या डोळ्यांत. मला वाटलं दिसले त्याला —

नाही. मी दिसत नाही त्याला. मी दिसत नाही, म्हणजे खड्डा दिसतोय. हे मला आधी कसं कळलं नाही, मूर्ख, मूर्ख —

म्हणाला, "इथेच पडली असेल ती." काठावर बसून रडतोय. आता आणखी कुणी पडायला नको, असं म्हणतोय. गाडीकडे गेला.

तोर्केल, नको रे. एवढा चांगला वागू नकोस. एकदाच वाईट वाग, तसाच जा, कुणी पडू दे, मरू दे —

फावडं भरलंय. माझ्यावर धरलंय. मी त्याचं मनगट धरलंय, घट्ट धरलंय, त्याला कळत ना