आणखी एक टेक

ता. ४ मार्च

प्रिय ताईस,

नमस्कार. फोन हाताशी असताना हा कसलं पत्र लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस?

गुडघा कसा आहे? इकडे नुसती धावपळ. शुक्रवारी सिनेमा लागतोय. पोस्टरवर माझं नाव नेहमीसारखं तळाशी, मुंगीएवढं. "नाचत नाहीस, गात नाहीस, मग करतोस तरी काय?" असं तुझ्या सासूबाई विचारायच्या. निर्माता म्हणजे काय, ते त्यांना शेवटपर्यंत पटवता आलं नाही. तुझ्या हॉलमध्ये टेबल टाकून पहिलं ऑफिस थाटलं, तेव्हापासून मी एकच काम करत आलोय. उजेड आहे तोवर लोकांना पळवायचं.

तुमच्यासाठी मधली रांग ठेवली आहे. परवा भाऊजींचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "फोटो काय, भिंतीवर आहेतच. मला त्यांचा आवाज ऐकायचाय रे." म्हणून हे पत्र.

ताई, सिनेमात भाऊजींचा आवाज नव्हता. चेहरा त्यांचा आणि बोलणारा दुसराच कलाकार. डबिंगच्या आधीच ते गेले, सेटवरच्या रेकॉर्डिंगमध्ये जनरेटरची घरघर आली, असं मी सगळ्यांना सांगितलं. निर्मात्याशी वाद कोण घालणार? तुलाही हेच सांगायचं ठरवलं होतं.

घरघर नव्हती. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे.

म्हातारा बाप तीन मजले चढून येतो आणि दारातून मुलाला म्हणतो, "घरी चल." एवढाच त्यांचा प्रसंग. पहिल्याच टेकला दिग्दर्शक खूश झाला. भाऊजी पायरीवर टेकले आणि धापा टाकू लागले. मला वाटलं, वा, ही धाप टेकमध्ये हवी होती! मीच म्हटलं, "भाऊजी, आणखी एकदा. अशीच धाप लागू द्या."

ते हसले. "मेहुण्याचा सिनेमा. नाही कसं म्हणू?" म्हणाले आणि खाली उतरले. पुन्हा वर आले तेव्हा त्यांना दोन शब्दही धड बोलवेनात. मी टाळ्या वाजवल्या गं.

त्याच आठवड्यात ते गेले. हृदय आधीपासूनच कमजोर होतं, असं डॉक्टर म्हणाले. असेलही. पण तू येईल त्याला सांगतेस, "भावामुळे शेवटी त्यांची सिनेमाची हौस फिटली," आणि मी तिथेच मान खाली घालून चहा पितो. दुसऱ्या टेकमधला तो आवाज ऐकताच तुला कळलं असतं की हा अभिनय नाही. म्हणून आवाज बदलला; चेहऱ्यावरची धाप मात्र सोडवेना, टेक तोच ठेवला.

काल स्टुडिओत जाऊन पहिला टेक लावायला सांगितलं. साउंडवाला चिडला, "आता? शुक्रवार तोंडावर आला!" पण लावला. त्यात भाऊजी छान बोललेत. तुला जेवायला हाक मारायचे ना, अगदी तसे.

म्हणजे खरं तर हे पत्र लिहायची गरजच उरली नव्हती. तू ऐकलं असतंस, रडली असतीस आणि परत माझेच आभार मानले असतेस. ते मात्र मला आता सोसवणार नाही.

शुक्रवारी मी थिएटरच्या दाराबाहेर उभा असेन. शेजारी बसू देशील तर आत बोलाव. नाहीतर सिनेमा संपल्यावर माझ्याकडे न बघता निघून गेलीस तरी चालेल.

अजून म्हणवून घेऊ दिलंस तर, तुझाच
धाकटा