छातीतली कळ आणि रविवारचे पाहुणे

२ फेब्रुवारी १९६४, रविवार

दोन वर्षांपूर्वी नानांच्या छातीत कळ आली आणि आम्ही त्यांना ओव्याचं पाणी पाजत बसलो — माझं सगळं तिथंच बदललं! "वायू आहे," म्हणे. तासाभरात बाप गेला. मी कॉलेज सोडलं. आता हृदयाचे डॉक्टर रघुपती, त्यांचे तक्ते सायकलला बांधून बेंगळुरूभर भाषणं देत फिरतो — विडी सोडा, तूप कमी करा, रोज चाला, रक्तदाब तपासा.

आज इथल्या मराठी समाजाच्या हॉलात अकरा माणसं! जयसिंगराव अण्णा पुढून ओरडले, "उमाजी, तूप सोडतो रे. मग पुरणाच्या होळिगेवर काय तुझं भाषण वाढू?" सगळे खो खो हसले. त्यांची लेक मथुरासुद्धा! तिच्यासाठी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाढव मी!

५ फेब्रुवारी

मथुरा नळावर भेटली. अण्णांना ती अप्पा म्हणते. "अप्पा जिन्यात मधेच थांबतात रे. छाती चोळतात."

"मग डॉक्टरकडे ने!"

"रविवारी मला बघायला येताहेत. बापाचं हृदय दुखतं हे कळलं तर कोण करून घेईल? तू तोंड उघडू नकोस. माझी शपथ."

शपथ घालायला बरा मी आठवतो!

८ फेब्रुवारी

अण्णांकडेच गेलो. तोंडात विडी. "दवाखान्यात कुणी पाहिलं तर? लग्न होऊ दे, मग बघू. सरी? ठीक ना?"

कसलं सरी! बोललो तर म्हणतील, पोरीवर डोळा होता म्हणून मोडलं. आणि मोडावं असं वाटतंच की मला! गप्प बसलो तर — पुन्हा ओव्याचं पाणी.

९ फेब्रुवारी

न बोलावता गेलो. अण्णा पाहुण्यांना जिन्यावरून वर घेऊन आले नि भिंत धरून उभे. घामाघूम. "वायू," म्हणाले. तोच शब्द! डोकंच फिरलं. "वायू नाही, हृदय आहे! आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला!"

मथुरा पांढरीफटक. मग मुलाचे वडील, फत्तेसिंग, हळूच म्हणाले, "कुठं असतात तुझे डॉक्टर? जिन्यात मलाही असंच होतं. वर्ष झालं. घरी सांगितलं नाही."

१० फेब्रुवारी

काल दोघे एकाच घोड्याच्या जटक्यात बसून डॉक्टरांच्या घरी गेले. "वेळेवर आलात," डॉक्टर म्हणाले. विड्या बंद. आणि दोघांनी तिथल्याच बाकावर लग्न पक्कं केलं — "आता लपवायचं काय राहिलं?"

आज अण्णांनी घरी बोलावून मिठी मारली. मथुरानं हातावर साखर ठेवली. "उमाजी, तू होतास म्हणून!"

साखर तोंडात टाकली. बाहेर पडलो. दार ओढून घेतलं.