दम बसेपर्यंत

बा, डॉक्टरीणबाईंनी मला सकाळ-संध्याकाळ थोडं थोडं चालायला सांगितलं आहे. झपझप, पण चालता चालता बोलता येईल इतपतच. दोन-चार फेऱ्या झाल्या की छातीत धडधडायला लागतं, आणि जन्मभर शाळेत पोरींना कवायत करायला लावून पेन्शनीत निघालेली मी भिंतीला हात लावून उभी राहते. चालल्यामुळे धडधडतंय, दुसरं काही नाही, हे मला ठाऊक असतं. तरी पहिला विचार जुनाच येतो, उमरखेडच्या शाळेत सातवीला होते तेव्हाचा. त्याबद्दल तुझ्याशी कधी बोलणं झालं नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

आपल्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला त्याला तेव्हा दोनेक वर्षं झाली असतील. घरातले देवाचे टाक आणि मरीमायची परडी तू स्वतः पैनगंगेत सोडून आला होतास. तुझी थोरली बहीण, माझी आत्या, नवरा गेल्यापासून आपल्याकडेच होती. मरीमाय तिच्याच अंगात यायची. आषाढात अख्खी वस्ती तिच्या पाया पडायची, तिनं सांगितलं तसं वागायची. परडी गेली आणि आत्या नुसती एक म्हातारी बाई उरली. लोकांना वाटायचं ती तुझ्यावर रागावली आहे, पण ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. तसे आपण सगळेच घाबरलेले होतो. कुणाला ताप आला, शेळी मेली, की मरीमाय कोपली की काय म्हणून घरात सगळे एकमेकांकडे बघायचे.

त्यात माझं परीक्षेचं वर्ष. पास झाले तर पुढची शाळा, नाही तर आईबरोबर तुमच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायचं, असं तूच ठरवलं होतंस आणि त्यात तुझी काही चूक नव्हती. गुरुजी सकाळपासून गणितं घालायचे. दुपारपर्यंत डोकं दगड व्हायचं, पोटात गोळा यायचा, भाकरी घशाखाली उतरत नसे. अर्ध्या वर्गाची हीच गत होती. मग गुरुजींनी एक नवीनच काढलं. दोन तास झाले की पाट्या-पुस्तकं खाली ठेवायची आणि सगळ्यांनी बाहेर. मैदानाला झपझप फेरी, हात वर, हात खाली, थोड्या उड्या, की परत आत. एक बिडी ओढून होईल इतक्या वेळात सगळं आटपायचं. पहिले काही दिवस आम्ही पोरी तोंडाला पदर लावून हसलो. पण आत येऊन बसलं की डोकं न्हाल्यासारखं हलकं वाटायचं, अडलेलं गणित सुटायचं. मला भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. आई म्हणाली, पोरगी माणसात आली.

आणि नेमकी एका बाजारच्या दिवशी आत्या शाळेवरून गेली. तिला दिसलं ते असं, की मी मैदानात उभी आहे, केस सुटलेले, तोंड लाल, दोन्ही हात आभाळाकडे आणि भात्यासारखा दम चाललेला. ती बाजाराची पिशवी घेऊन तशीच घरी परतली. तू जिनातून आलास तेव्हा तुझ्या डोक्याला, भुवयांना कापूस चिकटलेला होता. आत्या हळूच म्हणाली, "तुनं तिले पान्यात सोडली ना भाऊ. ते पोरीच्या अंगात आली."

दुसऱ्या दिवसापासून मी घरी. आत्या म्हणत होती, भगताला बोलावू, नारळ फोडू. तू नाही म्हणत नव्हतास, हो म्हणत नव्हतास. मी दाराशी बसून राहायचे. बसल्या जागी छाती धडधडायची, हात गार पडायचे, पोटातला गोळा पुन्हा आला. धावताना धडधडलं तर समजू शकते, पण बसून काहून धडधडतं? आत्या खरं सांगते आहे, माझ्या आत कुणीतरी येऊन बसलं आहे, असं मला वाटायला लागलं. तुला विचारायची हिंमत नव्हती, कारण तूही माझ्याकडे चोरून बघत होतास.

मग एक दिवस तू जिनातून जरा लवकर आलास. शाळेवरून आला होतास, गुरुजींना भेटून, हे मला नंतर कळलं. आत्या बाजेवर बसली होती. तू धोतर खोचलंस आणि मला म्हणालास, "शाळेत काय करत्या ते दाखव मले. मीबी करतो."

मी लाजले, पण उठले. आपण दोघं घरापुढच्या मोकळ्या जागेत गोल गोल चालतो आहोत, हात वर, हात खाली, तुझ्या उड्या माझ्यापेक्षा बुटक्या. पोरं जमून हसताहेत, आई दारात तोंडावर हात ठेवून उभी आहे. जिनातल्या कापसानं तुझी छाती आधीच खराब झालेली होती. माझा दम बसायला लागला तरी तुझा वरच होता. तू आत्यापुढं मातीत बसलास, घामानं निथळत, आणि मनगट तिच्यापुढं धरलंस. "पाह्य बाई, माह्याबी अंगात आली काय?"

आत्यानं तुझं मनगट धरलं, दुसऱ्या हातात माझं. ती डोळे मिटून बसली होती, आषाढात बसायची तशी. माझी नाडी संथ झाली तसा तिनं आधी माझा हात सोडला.

"माय असती तं इतक्या लवकर गेली नसती," ती म्हणाली. "जाऊ दे पोरीले शाळेत."

मी शाळेत गेले, पास झाले, पुढं शिकले. नोकरीत दर दोन तासांनी पोरींना बाहेर काढायचे, आणि एखादीचा दम जरा जास्त वेळ वर राहिला की माझ्याच पोटात गोळा यायचा. तो कुठून येतो हे मी कुणाला सांगितलं नाही.

बा, तू गेलास त्याला इतकी वर्षं झाली. हे पत्र टाकायचं कुठं? उशीखाली राहील. पण लिहिलंच आहे तर सांगते. त्या संध्याकाळी तुझा दम बसता बसत नव्हता, ओठ काळे पडले होते, तेव्हा मी तुझ्या शेजारी मातीत बसून मनातल्या मनात मरीमायला म्हणत होते, माय, मला धर पण माझ्या बापाला सोड.