इवारचा निळा

ऊरुस्त बेट,
१४ नोव्हेंबर १९६७

प्रिय गुन्वोरताई,

तू बरी असशील, मुलांचा खोकलाही गेला असेल. इकडे थंडी पडली, बटाटे तळघरात गेले, हेरिंग मासळी यंदा बऱ्यापैकी मिळाली. तुझं मार्चमधलं पत्र तेव्हाच पोचलं होतं. उत्तराला नोव्हेंबर उजाडला याला आळस म्हण. लहानपणापासून तेच म्हणत आलीस.

आधी खुर्च्यांचं सांगतो. जेवणघरातल्या सहाही खुर्च्या खरवडून झाल्या. आई कंबर मोडून हिवाळाभर इस्पितळात आणि मग शुश्रूषागृहात होती, घर रिकामं होतं, म्हणून काम उरकलं. खापरपणजोबांच्या काळात आपला राजा पॅरिस बघून आला आणि सगळ्या देशाला सरळ पायांचं वेड लागलं. त्याआधी पाय वाकडे असायचे. मग देवळाच्या खांबासारखे, उभ्या खाचांचे, खाली निमुळते झाले, आणि कोपऱ्यात एकेक कोरलेलं फूल आलं. सरदारांकडे महोगनी होतं, आपल्या सुतारांकडे बर्च. ते झाकायला राखाडी रंग द्यायचा, म्हणजे लांबून दगड वाटतो. ऐट राजाची, लाकूड सरपणाचं.

तो पहिला राखाडी चार थरांखाली शाबूत निघाला. शहरातल्या संग्रहालयातल्या बाई येऊन बघून गेल्या. हे काम कोरड्या पात्यानं करायचं असतं, पाण्याचा थेंब लावायचा नाही, एका वेळी नखाएवढी जागा. एका खुर्चीला दोन आठवडे. आमच्या जुन्या फर्निचरच्या धंद्यात तळचा थर म्हणजे देव आणि वरचे सगळे म्हणजे धूळ.

तू लिहिलं होतंस, 'आईच्या खुर्चीला हात लावू नकोस.' वाचलं होतं मी. ती शेवटी घेतली, पण घेतली.

सगळ्यांत वरचा थर आईचा निळा होता. आपल्या धाकट्या इवारनं १९४३च्या वसंतात बोट रंगवली, त्यातला अर्धा डबा उरला होता. ऑक्टोबरात तो आणि बोट दोन्ही समुद्रात गेले, काहीच हाती लागलं नाही, आणि आईनं तो डबा खुर्च्यांवर संपवला. तिच्या ब्रशचे फराटे दिसायचे. तिला रंग देता येत नव्हता हे तूच हसून म्हणायचीस.

आई सप्टेंबरात घरी आली. जेवणघराच्या दारात काठी टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "छान झालंय रे. नवऱ्या मुलीच्या घरासारखं." मग स्वयंपाकघरात गेली. तेव्हापासून खिडकीशी उभ्यानं जेवते. जेवते म्हणजे बटाट्याचे दोन तुकडे आणि कॉफी. कपडे अंगावर लोंबायला लागलेत. डॉक्टर म्हणतात, काही झालेलं नाही. मी नवा निळा घोटून तिची खुर्ची रंगवली, छटा अगदी तीच. तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा दुकानातला आहे."

आता खरं लिहितो, नाहीतर आधीच्या पत्रांसारखं हेही न धाडता पेटीत पडून राहील.

इवार गेला त्या दिवशी समुद्रातली जाळी काढायची पाळी माझी होती. इवारला मी म्हटलं, मला ताप आहे. ताप नव्हता. खुर्चीच्या पायाला गरम सरस लावून शिकंज्यात आवळला होता, तो सांधा सोडून जायचा मला कंटाळा आला. माझ्याऐवजी इवार हसत गेला. त्यानंतर तेवीस वर्षं रोज दोन वेळा मी त्या निळ्यासमोर बसून जेवलो. संग्रहालय वगैरे सगळं नंतरचं, ताई. मला तो रंग बघवत नव्हता.

परवा रविवारी हे आईला सांगितलं. ती मोजे विणत होती, सुया थांबल्या नाहीत.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "कपाळाला हात लावला होता तुझ्या. थंड होतं. अंगाला सरसाचा वास येत होता."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय, दुसराही घालवू? तुला समोर बसवून जेवू घातलं, तेवढं जमलं." मग विचारलं, "खरवडलेल्या निळ्याची पूड कुठे ठेवलीस?"

"चुलीत टाकली, आई."

"सगळी?"

मी होकाराची मान हलवली. तिनं विणकाम गुंडाळून ठेवलं. "मला गुन्वोरकडे पोचव," म्हणाली. आवाज चढवला नाही, आणि रडलीही नाही.

तिला काय सांगून थांबवू? राखाडीवर हवा तो रंग चढवता येतो, पण खरवडलेला उभ्या जन्मात परत लावता येत नाही. एवढं तर मी शिकाऊ असतानाच शिकलो होतो. कालपासून ती कोट घालून, पिशवी मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली आहे. म्हणते, फेरी आली की सांग.

तू शनिवारी ये आणि तिला घेऊन जा. तुझ्या ताटातलं ती खाईल, मला वाटतं. तिच्यासमोर मला काही बोलू नकोस. नंतर पत्रातून बोल, हवं तेवढं.

त्या दिवशी घरी राहिलेला
तुझा भाऊ
सिग्वार्द