जावळाची कातर

कळस, बुधवार, १२ फेब्रुवारी १९९७

परवा विमान. जन्मातलं पहिलंच. पण हौस पार उतरली.

मेंढरं विकून वीस वर्षं झाली, तरी आमच्या घरात नातवाचं जावळ आजाच काढतो, लोकर कातरायच्या कातरीनं. माझ्या लेकाचं, महादूचं, माझ्या बानं त्याच कातरीनं काढलं होतं. महादू आता दिल्लीला, त्याच्या पोराला बघायला निघालोय. गेल्या आठवड्यात त्याचं पत्र आलं, "आबा, विमानात कातर चालत नाही, आणू नका." मी मानलं. सरकारी नियम, आपण काय बोलणार?

आज एमआयडीसीतला भाचा पोपट आला. दोनदा विमानानं जाऊन आलेला. म्हणाला, "मामा, हातातल्या पिशवीत न्हाय चालत. मोठ्या बॅगंत टाका की! ती इमानाच्या पोटात जाती." मी लहान पोरासारखा हरखलो. कातरीला तेल दिलं, फडक्यात गुंडाळली, बॅगेत तळाला ठेवली आणि एसटीडीवर जाऊन महादूला सांगितलं.

तो म्हणाला, "आबा, जावळ काढलं मागल्या महिन्यात. सलूनमधी. तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

म्हणून विमानाआड लपलास व्हय रं? बापाशी खोटं बोलायला एवढं मोठं विमान लागलं?

खरं सांगितलं असतं तर रागावलो असतो, दोन दिवसांत विसरलोही असतो. आता नातवाला मांडीवर घेताना त्याच्या बापाकडं कसं बघू?

कातर बॅगेतून काढून पुन्हा खुंटीला लावली. लेकानं सांगितलेला नियम आहे. खोटा असला तरी पाळतो.