भिंतीवरचं जांभळं चित्र

दि. ४ मार्च

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. नातीच्या झबल्यावरचं भरतकाम झालं. नक्षी तू फ्रेम करून दिलेल्या चित्रावरूनच उचलली: जांभळे गोल, भोवती गुलाबी रेघा. कुणी विचारलं की सांगते, माझा भाऊ दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा लावून बसतो, त्याला असलंच काहीबाही दिसतं.

काल माझं ऑपरेशन केलेले सर्जन चहाला आले होते. चित्र पाहून म्हणाले, अरे वा, तुमचीच स्लाइड भिंतीवर लावलीत की, कॅन्सरच्या कडेला इतक्या लढाऊ पेशी क्वचित दिसतात. मी बशी खाली ठेवली आणि विषय बदलला. माझ्या पोटातला अल्सर काढला, असं तूच सांगितलं होतंस ना? त्यांचाच काही गोंधळ झाला असेल, एवढी एक ओळ लगेच कळव.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. गोंधळ त्यांचा नाही. गाठ कॅन्सरचीच होती. तिचा पातळ काप लावलेली काच, म्हणजे ती स्लाइड, मीच पाहिली. तू खचशील, या भीतीने घरात सगळ्यांना मीच गप्प बसवलं.

ते जांभळे गोल म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशींच्या वस्त्या. एरवी त्या गळ्यातल्या, काखेतल्या ग्रंथींत असतात. तुझ्या शरीराने त्या गाठीशेजारीच वसवल्या. हे बऱ्याचदा चांगलं लक्षण असतं. पाहून मला रडू आलं, पण तुला सांगणार कसं? म्हणून स्लाइडचा फोटो काढून फ्रेम केला. पुढच्या आठवड्यात तुझी तपासणी आहे. हवं तेवढं रागव, पण ये. लोभ मागायला तोंड नाही.

बारक्या

दि. १४ मार्च

चि. बारक्यास,

आशीर्वाद, सवयीने. आई गेली तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते. सगळे म्हणत होते, गावाला गेलीय म्हणून सांगा. मी तुला मांडीवर घेऊन खरं तेच सांगितलं. आणि माझ्या पोटातलं मला सोडून अख्ख्या घराला ठाऊक. तेच मी कौतुकाने नातीच्या अंगावर काढलं. फार लागलं रे.

तपासणीला येईन. मात्र यापुढे माझी स्लाइड दुसऱ्या डॉक्टरांनी पाहायची आणि रिपोर्ट आधी माझ्या हातात द्यायचा.

झबलं उसवायला घेतलं होतं, पण त्या जांभळ्या गोलांना कात्री लाववेना. त्या पेशी तरी माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. चित्र भिंतीवर आहे. शेजारचा तुझा फोटो उतरवला.

लोभाचं पुढे बघू.

ताई