सहा पानं आणि बंद केलेली बटणं

५ जानेवारी, सकाळी.
संकल्प: अर्जुनराव सरांचं मानपत्र शनिवारपर्यंत पूर्ण. रविवारी उंद्रीत सत्कार. सर चौऱ्याऐंशीचे. दृष्टी गेली, कान शाबूत. मला संस्कृत त्यांनीच शिकवलं. चूक परवडणार नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी.
शेजारचे माणिकराव पेपर वाचायला आले आणि कीबोर्डावर कोपर टेकून बसले. सुरक्षेचा प्रश्न गंभीर.

६ जानेवारी.
माझ्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली आहे. तिच्यात म्हणे एक सोय असते. सगळं अडकलं तरी ऑल्ट, प्रिंट स्क्रीन आणि एखादं अक्षर एकदम दाबलं की मशीन ऐकतं. पासवर्डही विचारत नाही! म्हणजे माणिकरावांनाही विचारणार नाही. तत्काळ बंद केली. पुण्याहून पुतणी रुपाली फोनवर म्हणाली, "काका, घरच्या मशीनवर काऊन बंद करता? अडकलं तं तेच कामी येते." मी म्हटलं, माझं मशीन अडकत नाही. ती हसली. सौ. जयमालाचं मत: "माणिकरावले चहा देऊन बाहेर वट्ट्यावर बसवा." तांत्रिक समज शून्य.

८ जानेवारी.
सहा पानं झाली. सेव्ह केलेली नाहीत. सेव्ह केलेली फाईल चोरता येते. न केलेली कोण नेणार?

१० जानेवारी, दुपारी.
एका सुभाषिताचे पाठभेद बघायला ब्राउझरमध्ये एक्केचाळीस पानं उघडली. मानपत्रावर परतलो तोच मशीन थिजलं. रुपालीला फोन. "सोपं आहे काका. ऑल्ट, प्रिंट स्क्रीन अन् एफ. मेमरी खाणारा ब्राउझर मरते, मानपत्र वाचते." मी म्हटलं, दुसरा उपाय सांग. "बंदच आहे ना ते अजून?" म्हटलं, हो.

दुपारी चार.
पडद्यावर मानपत्राचा शेवट दिसतो. वर सरकत नाही. नऊ ओळी वहीत उतरवल्या. नवव्या ओळीला लाइट गेली, मशीन बंद. हरकत नाही. बाकी सारं मला मुखोद्गत आहे.

११ जानेवारी, सत्कारानंतर.
मुखोद्गत नव्हतं. नऊ ओळी वाचल्या: उदंड आयुष्य, निरामय आरोग्य, आपले नम्र विद्यार्थी. टाळ्या झाल्या. सर कान देऊन बसूनच होते. मग माझा हात चाचपत म्हणाले, "वाच ना बे. म्या जन्मभर काय केलं, ते कुठी आलं?"

म्हटलं, सर, ते सुरक्षित आहे.